भिंतीपलीकडचा गवंडी

वडीगोद्रीतल्या मटणाच्या दुकानात सकाळी जा आणि खाटकाला एवढंच सांगा, "बोकडाची मांडी आणि नळी जिथं जुळते तो सांधा अख्खा द्या, तुकडे करू नका." घरी आणून तो सांधा सुरीनं सावकाश उघडा. आधी बोटांना वंगण लागेल, अंड्याच्या पांढऱ्यासारखं, तार धरणारं. मग हाडांची टोकं दिसतील. त्या टोकांवर दुधासारखं पांढरं, थोडी निळसर झाक असलेलं चकचकीत आवरण असतं. त्यावर अंगठा ठेवलात की तो आपोआप घसरेल. नखानं दाबलंत तर आवरण जरासं दबेल, आणि नख उचललं की हळूच पूर्ववत होईल. ही कूर्चा. आपल्या गुडघ्यातही हीच असते.

आता तीच नळी फोडा. आत लालसर, पिवळट, मऊ गर आहे. रश्श्यातली नळी तोंडाला लावून चोखणाऱ्यांना त्याची चव पक्की ठाऊक असते. ही अस्थिमज्जा. हाडाच्या टोकाशी हाड जाळीदार होतं, आणि त्या जाळीतून मज्जा थेट कूर्चेच्या खालपर्यंत पोचलेली असते. मधे उरते ती हाडाची एक पातळ भिंत.

या भिंतीपाशी निसर्गाची मोठी नवलाई दडलेली आहे. भिंतीच्या अलीकडची कूर्चा एकदा झिजली की स्वतःहून भरून येत नाही. पलीकडच्या मज्जेत मात्र अशा पेशी राहतात, ज्यांना कूर्चा घडवता येते. घराला तडे गेलेत, गवंडी शेजारच्याच खोलीत झोपला आहे, आणि मधल्या भिंतीला दारच नाही. गेली काही दशकं जगभरचे संशोधक सशांच्या, शेळ्यांच्या, घोड्यांच्या आणि उंदरांच्या सांध्यात हे दार शोधत आहेत.

ते इतकं अवघड का आहे, हे कळायला आधी कूर्चा म्हणजे काय चीज आहे ते बघू.

ऊसतोडीचे दिवस आले की जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या या पट्ट्यात गाड्यांची रांग लागते. ऊस अंकुशनगरच्या कारखान्याकडे निघतो. ओझ्यानं वाकलेली बैलगाडी चढाला लागली की बैल मान खाली घालतो आणि पुढच्या पायांवर सगळा जोर घेतो. त्या क्षणी गाडीचा, उसाचा आणि त्याच्या स्वतःच्या देहाचा भार काही मिलिमीटर जाडीच्या या आवरणांवरून खाली उतरत असतो. फडातून डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईच्या गुडघ्यातही तेच चाललेलं असतं. माणसाच्या गुडघ्यातली कूर्चा साधारण दोन ते चार मिलिमीटर जाड असते. बर्फावर बर्फ घासला तरी निरोगी सांध्याइतकं कमी घर्षण सहसा होत नाही.

हा भार पेलतं कोण? मुख्यतः पाणी. कूर्चेच्या वजनाचा पासष्ट ते ऐंशी टक्के भाग पाणीच असतो. बाजेच्या सुंभासारखे विणलेले कोलॅजेनचे धागे तिला आकार देतात. त्या विणीत अग्रिकॅन नावाचे रेणू अडकलेले असतात आणि पाण्याला घट्ट धरून ठेवतात. पाऊल पडलं की पाणी बाहेर जाऊ पाहतं, वीण त्याला सहज जाऊ देत नाही, आणि त्या कोंडलेल्या पाण्यावर भार तोलला जातो. पाऊल उचललं की कूर्चा पुन्हा पाणी पिते.

या बांधकामात जिवंत पेशी किती? जेमतेम काही टक्के जागेत. एकेक पेशी आपापल्या खोलीत एकटी, शेजारणीचा स्पर्शही न होणारी. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत. कूर्चा झिजायला लागल्याचं आपल्याला उशिरा कळतं ते यामुळंच. दुखतं ते आसपासचं, खालचं हाड आणि भोवतालचं अस्तर. पेशींना अन्न मिळतं ते सांध्यातल्या वंगणातून झिरपून, आणि ते झिरपणं चालण्याफिरण्यानं सुधारतं.

सुश्रुतानं हाडांचे पाच प्रकार सांगितले, त्यांतला एक 'तरुण'. नाक, कान, मान आणि डोळ्याची खोबण इथली हाडं त्यानं या प्रकारात घातली. कूर्चेला तरुणास्थी म्हणतात ते तिथूनच. किती नेमकं नाव! गर्भात आपल्या हातापायांची हाडं आधी कूर्चेचीच बनलेली असतात. नंतर त्यांत रक्तवाहिन्या शिरतात आणि कूर्चेचं हाड होतं. सांध्याच्या टोकावर उरलेली कूर्चा म्हणजे हाड व्हायचं राहून गेलेलं बालपण.

हे बालपण किती जुनं असतं, त्याचा पुरावा अणुबॉम्बनं दिला. १९५० च्या दशकात आणि १९६० च्या सुरुवातीला महासत्तांनी उघड्या हवेत अणुचाचण्या केल्या, आणि हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. ते ज्वारीच्या धाटात गेलं, कडब्यातून दुधात आलं, माणसाच्या हाडामांसात बसलं. १९६३ च्या करारानं अशा चाचण्या बहुतांशी थांबल्या आणि ते प्रमाण उतरत गेलं. त्यामुळं शरीरातला एखादा धागा कोणत्या काळात विणला गेला, ते त्यातल्या कार्बनवरून ओळखता येतं. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१६ मध्ये माणसांच्या गुडघ्यांतल्या कूर्चेवर हे मोजमाप प्रसिद्ध केलं. तिच्यातले कोलॅजेनचे धागे वाढीच्या वयात विणले गेले होते आणि पुढं आयुष्यभर जवळजवळ बदललेच नव्हते, झिजलेल्या गुडघ्यांतसुद्धा. म्हणजे साठीला आलेली बाई कापूस वेचायला खाली बसते, तेव्हा ती शाळकरी वयात विणलेल्या धाग्यांवर बसते. कातडी बदलते, रक्त बदलतं, हाडसुद्धा आतून नवं होत राहतं. हे धागे तेवढे तेच राहतात.

एकदा नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही, असं लंडनच्या विल्यम हंटर या वैद्यानं १७४३ मध्येच लिहून ठेवलं होतं. पुढची जवळपास अडीच शतकं ते वाक्य कुणालाही हलवता आलं नाही. त्यात एक विचित्र गोष्ट मात्र लोकांच्या लक्षात आली. कूर्चेवर उथळ चरा पडला तर तो तसाच राहतो. जखम खोल जाऊन खालच्या हाडाला भोक पडलं, तर तिथं रक्त येतं, गाठ धरते आणि खड्डा भरतो. यावरूनच हाडाला मुद्दाम बारीक भोकं पाडण्याची शस्त्रक्रिया आली. भरतो तो माल मात्र वेगळा असतो, वणासारखा, दोरखंडी. जुना गुळगुळीत गिलावा जाऊन तिथं घाईघाईनं चोपडलेली माती यावी तसा. काही वर्षं निभावतो, मग उखडतो. भोकातून गवंडी बाहेर आला होता. त्याला काय बांधायचं ते कुणी सांगितलं नव्हतं.

या गवंड्याची पहिली नीट ओळख मॉस्कोत झाली. अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन आणि त्यांचे सहकारी १९६० च्या दशकात मज्जेतल्या पेशी बशीत वाढवत होते. बहुतेक पेशी पाण्याबरोबर वाहून जायच्या, मोजक्या काही तळाला चिकटून राहायच्या. त्या चिकटलेल्या एकेका पेशीपासून पेशींची आख्खी वसाहत उभी राहायची. १९७० मध्ये त्यांनी गिनीपिगच्या मज्जेतल्या अशा वसाहतींवरचं काम मांडलं. मज्जेतल्या दहा हजार ते एक लाख पेशींमागे अशी एखादीच सापडते. एवढ्या गर्दीत एकटी, पण तिच्यात हाड, चरबी आणि कूर्चा घडवण्याची कुवत. अमेरिकेत क्लीव्हलंडचे अर्नोल्ड कॅप्लान यांनी १९९१ मध्ये या पेशींसाठी मेसेनकायमल स्टेम सेल हे नाव रूढ केलं. मराठीत आपण मूळपेशी म्हणतो.

क्लीव्हलंडमध्येच पुढचं पाऊल पडलं ते सशाच्या गुडघ्यात. जपानी शल्यविशारद शिगेयुकी वाकितानी यांनी कॅप्लान आणि इतर सहकाऱ्यांबरोबर सशांच्या मांडीच्या हाडाच्या टोकाला मोठे खड्डे केले. सशाच्याच मज्जेतून आणि हाडाच्या सालीतून काढून वाढवलेल्या पेशी कोलॅजेनच्या जेलमध्ये घालून त्या खड्ड्यांत बसवल्या. १९९४ मध्ये निष्कर्ष छापून आले. दोन आठवड्यांत खड्डाभर कूर्चेच्या पेशी झाल्या होत्या. पुढं तळाकडच्या कूर्चेचं हाड होत गेलं, आणि चोवीस आठवड्यांपर्यंत खाली हाड, वर कूर्चा अशी रचना उभी राहिली. नवी कूर्चा मूळच्यापेक्षा मऊ होती आणि हळूहळू पातळही होत गेली. तरीही हंटरच्या वाक्याला तडा गेला होता.

१९९८ मध्ये ब्रायन जॉनस्टोन यांच्या गटानं सशाच्या मज्जेतल्या या पेशी नळीत गरगर फिरवून तळाशी एक ठिपका जमवला आणि त्याला वाढीचे ठरावीक संकेत देणारी रसायनं पाजली. दोन-तीन आठवड्यांत खसखशीच्या दाण्याएवढ्या गोळ्यात कूर्चा तयार झाली. त्या पेशींना एकमेकींना खेटून बसवणं गरजेचं होतं. गर्भातही कूर्चा अशाच दाटीतून सुरू होते. आयुष्यभर एकटी राहणारी ही पेशी जन्म मात्र गर्दीत घेते.

सशावरून माणसाबद्दल बोलायला घाई करून चालत नाही. उंदराची कूर्चा म्हणजे पेशींचे मोजके थर. सशाची मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, आणि सशाचे घाव आपोआपही बऱ्यापैकी भरतात. म्हणून शेळी, मेंढी आणि घोडा यांच्याकडे वळावं लागतं. त्यांचं वजन, त्यांची चाल, त्यांच्या कूर्चेची जाडी माणसाच्या जवळ येते. घोड्याची तर सगळ्यांत जवळ.

२००३ मधला शेळ्यांवरचा प्रयोग म्हणूनच सगळ्यांना आठवतो. मेरी मर्फी, फ्रँक बॅरी आणि सहकाऱ्यांनी शेळ्यांच्या गुडघ्यातली आतल्या बाजूची अर्धचंद्राकृती गादी काढली आणि एक महत्त्वाचा बंध कापला. असा सांधा डगमगतो आणि वेगानं झिजतो. काही आठवड्यांनी एका गटाला हायलुरोनिक आम्लाच्या चिकट द्रवाचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या गटाला त्याच द्रवात त्यांच्याच मज्जेतल्या वाढवलेल्या मूळपेशी घालून दिल्या. मूळपेशी मिळालेल्या शेळ्यांमध्ये काढून टाकलेली गादी मोठ्या प्रमाणात पुन्हा उगवलेली दिसली, आणि कूर्चेची झीजही कमी झाली. पेशींना हिरवं चमकणारं प्रथिन खुणेसाठी दिलेलं होतं, म्हणून नव्या गादीत त्या ओळखता आल्या.

सांध्यात सोडलेल्या पेशी बहुधा फार दिवस टिकत नाहीत, हे पुढं अनेक प्राण्यांत दिसून आलं. पेशी निघून जातात आणि गुण मागे राहतो. मग काम कुणी केलं? यातूनच समज पालटली. या पेशी आजूबाजूला रासायनिक निरोप पाठवतात. सूज उतरवतात, झीज करणारी रसायनं आवरतात, जागेवरच्या पेशींना कामाला लावतात. ऊसतोडीची टोळी पाहिलेल्या माणसाला हे सांगायला नको. मुकादम स्वतः कोयता चालवत नाही, पण त्याच्या हाकेवर फड हलतो. नाव देणाऱ्या कॅप्लान यांनीच पुढं सुचवलं, की यांना औषधी संकेत देणाऱ्या पेशी म्हणा. आपणच रुजवलेलं नाव नव्या पुराव्यासमोर बदलायला निघालेला शास्त्रज्ञ मला फार मोठा वाटतो.

तरी मूळ कोडं उरतंच. गवंड्याला नेमकं काय बांध म्हणून सांगायचं? मूळपेशीनं केलेली कूर्चा पुढं जाऊन हाड व्हायला बघते, कारण गर्भात तिची वाट तीच असते. म्हणजे कूर्चा हे वाटेतलं स्टेशन आहे आणि गाडी पुढं हाडापर्यंत जाणारी. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात चार्ल्स चान आणि मायकेल लाँगेकर यांच्या गटानं २०२० मध्ये उंदरांत दाखवलेली युक्ती म्हणूनच मला थक्क करते. त्यांनी आधी बारीक जखमा करून सांध्यातल्या झोपलेल्या मूळपेशी जाग्या केल्या. मग बीएमपी-२ नावाचा संकेत दिला, त्यानं पेशी हाडाच्या वाटेला लागल्या. आणि रक्तवाहिन्यांना बोलावणारा व्हीईजीएफ हा संकेत अडवला. रक्तवाहिन्या आल्या नाहीत, म्हणून हाड झालं नाही. गाडी कूर्चेच्या स्टेशनवर थांबली. गवंडी तोच, भिंतीतलं भोक तेच, आणि या वेळी गिलावा हवा तसा.

आपल्या घराच्या भिंतीवरची पाल हेच दुसऱ्या तऱ्हेनं करते. तुटलेल्या शेपटीच्या जागी नवी येते, तिच्यात मणके नसतात, कूर्चेची एक लांब नळी असते. गर्भातल्या कोकराच्या कूर्चेला उथळ जखम झाली तर ती भरते, हेही प्रयोगात दिसलं आहे. मोठेपणी हरवणारी ही विद्या जीवसृष्टीत ठिकठिकाणी सांडलेली आहे.

महाराष्ट्रात या विद्येची एक शाळा पुण्यात आहे, विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. तिथं मोहन वाणी यांच्या गटानं इंटरल्युकिन-३ या शरीरातल्याच निरोप्या प्रथिनाचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. कूर्चेचे धागे कातरणारी विकरं या प्रथिनानं कमी होतात आणि उंदरांमधली सांध्याची नासधूस आटोक्यात येते, असं त्यांनी २०१६ मध्ये दाखवलं. त्याच गटानं माणसाच्या मूळपेशी या प्रथिनाच्या सहवासात अधिक चपळपणे जागा बदलतात, हेही २०१७ मध्ये मांडलं. निरोप पाठवणारा मुकादम आणि निरोप घेणारी टोळी, दोन्ही बाजू एकाच प्रयोगशाळेत अभ्यासल्या गेल्या.

माणसांपर्यंत काय पोचलं? मुंबईच्या रीग्रो बायोसायन्सेसला २०१७ मध्ये रुग्णाच्याच कूर्चेतल्या पेशी वाढवून परत बसवण्याच्या उपचारासाठी परवानगी मिळाली. या मूळपेशी नव्हेत, तयार गवंडीच उचलून नेणं आहे. बंगळूरच्या स्टेमप्युटिक्सच्या, निरोगी दात्यांच्या मज्जेतून वाढवलेल्या मूळपेशींना गुडघ्याच्या झिजेसाठी औषध नियंत्रकांनी २०२२ मध्ये मान्यता दिली. १४६ रुग्णांच्या चाचणीत वर्षभरात वेदना कमी झाल्याचं दिसलं. याउलट अमेरिकेत पावणेपाचशेच्या आसपास रुग्णांवर झालेल्या, २०२३ मध्ये छापलेल्या चाचणीत तीन वेगवेगळ्या पेशी-इंजेक्शनांपैकी एकही वर्षाअखेर साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनापेक्षा सरस ठरलं नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचायला हवेत. म्हणून गावाकडच्या माणसांना माझं कळकळीचं सांगणं आहे: भिंतीवरच्या जाहिरातीत कुणी स्टेम सेलनं गुडघा नवा करून देतो म्हणालं, तर शेत गहाण टाकण्याआधी त्या नेमक्या उपचाराला औषध नियंत्रकांची मान्यता आहे का, ते लेखी मागा. वेदना कमी होणं आणि कूर्चा पुन्हा उगवणं यांत अजून बरंच अंतर आहे.

या सगळ्या वाटेवर पुढं चालले ते मुके जीव. त्यांचं ऋण मोठं आहे. आपल्याकडे प्राण्यांवरचे प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या समितीच्या देखरेखीत होतात. पर्याय असेल तिथं प्राणी नको, लागतील तितकेच कमी, आणि त्यांना कमीत कमी त्रास, हे तत्त्व १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी मांडलं. ऋणाची थोडी फेडही सुरू झाली आहे. युरोपात २०१९ मध्ये सांधा सुजून लंगडणाऱ्या घोड्यांसाठी मूळपेशींचं औषध मान्य झालं. २०२२ मध्ये कुत्र्यांच्या सांधेझिजेसाठीही एक आलं, आणि त्यातल्या पेशी घोड्याच्या नाळेतून घेतलेल्या आहेत! शिंगराच्या जन्मावेळी एरवी फेकून दिली जाणारी नाळ, आणि तिच्या जोरावर म्हातारा कुत्रा पायरी चढतो.

घोडा झाला, कुत्रा झाला. मला वाट बघायची आहे ती बैलाच्या पाळीची. परभणीला आणि उदगीरला आपली पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, देवणी आणि लाल कंधारी या आपल्याच मातीतल्या जाती आहेत, आणि ज्या सांध्यांनी मराठवाड्याची शेती ओढली ते सांधे इथंच गोठ्यात उभे आहेत. ही विद्या शर्यतीच्या तबेल्यापाशी थांबू नये.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला आपण बैलाचे खांदे तूप-हळदीनं चोळतो. वर्षभर जू ज्यांनी वाहिलं, त्या खांद्यांना दिलेली ती पावती असते. येत्या पोळ्याला हात थोडा खाली, गुडघ्यापर्यंत न्या. कातडीखाली पाण्यावर तरंगणारा भार आहे, गोऱ्ह्याच्या वयात विणलेले धागे आहेत, आणि एका पातळ भिंतीपलीकडं एक गवंडी झोपला आहे. त्याला हाक कशी मारायची, ते आता थोडं थोडं कळू लागलं आहे.